दोन डावे पंख

४ मार्च, सोमवार

दोन्ही पंख डावे झाले!

हसू यायला हवं खरं तर. येत नाही. सकाळी उजवा पंख टाचण्यांतून सोडवला, फुंकर मारून भुसा उडवला आणि माझ्या छोट्या हरिकेन विमानाच्या धडाला लावायला गेलो. बसेना. पुढची कड पुढे धरली की पंखाचं पोट वर येतं. पोट खाली केलं की पुढची कड शेपटीकडे जाते. फिरवून फिरवून पाहिलं. मग स्टुलावर बसलो.

चूक नवशिक्याची. किटमधल्या नकाशावर एकच पंख काढलेला असतो — डावा. उजवा करायचा तर कागदाला तेल चोळायचं. रेषा पलीकडून दिसायला लागतात. मग कागद उलटा ठेवायचा आणि त्याच्यावर लाकडाच्या फासळ्या मांडायच्या. झालं! आजवर महायुद्धातली किती विमानं बांधली आणि उडवली, इथे कधी फसलो नाही.

आणि मी कागद फिरवला होता! तेल चोळलं, फिरवला, तळहातानं सपाट केला, हात तेलकट झाले म्हणून धुवायला गेलो — सगळं लख्ख आठवतंय. तेवढ्यात मी ज्यांच्याकडे दात बनवतो त्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, कुणाची तरी कवळी तातडीनं हवी होती, म्हणून काम तसंच टाकून गेलो. दुसऱ्या दिवशी त्यावर प्लॅस्टिक अंथरलं — गोंद चिकटू नये म्हणून — आणि बांधायला बसलो. फासळ्या ओळीनं कापून ठेवलेल्या असतात, नकाशावरचे आकडे कोण बघतो?

फिरवायचं विसरलो असतो तर ठीक होतं. विसरतात माणसं. पण जे केलंच नाही ते केल्याचं आठवतंय, ही भानगड वेगळी.

दादाचं असंच सुरू झालं होतं.

५ मार्च

पंख कपाटावर टाकला, मागे, ट्रंकेच्या आड. मग दिवसभर चोराच्या मनात चांदणं. ही फडकं घेऊन खोलीत आली की माझी नजर आपोआप वर.

हिला वाकडं काही खपत नाही. चपला, चादरी, माझा चष्मा — सगळं सरळ रेषेत. बँकेत गेली तरी काउंटरवरचं कॅलेंडर सरळ करून येते. माझ्या टेबलावरून हात फिरवून जाते आणि मग मी अर्धा तास चिमटा शोधतो. पूर्वी चिडायचो. आज चिडलो नाही. चिमटा मीच कुठे तरी ठेवला असेल, आणि ठेवला नाही असं वाटत असेल.

"काय हो, आज विमानतळ बंद?" म्हणाली.

"गोंद वाळतोय."

आठवड्यातून एकदा खोटं बोलतो, तेही गोंदाबद्दल!

६ मार्च

कामावर जीव नकोसा झाला. वरचा उजवा सुळा बसवला आणि साच्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. उजवाच होता. तरी परत पाहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज फार बारकाईनं चाललंय." काय सांगणार? की मला माझ्याच हातांचा भरवसा वाटेनासा झालाय?

माझी चूक कुणाच्या तरी तोंडात जाऊन बसणार. विमान चुकलं तर गवतात पडेल — आणि तेही गवतातच पडेल असं कुठंय? मैदानावर माणसं असतात. पुढचा पंखा सुरीसारखा फिरत असतो. हवेत असताना मला क्षणभर डावं-उजवं कळलं नाही तर?

७ मार्च

वहिनीला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, मग हळूच विचारलं, दादाचं पहिलं लक्षण कोणतं होतं गं?

"कुलूप," वहिनी लगेच म्हणाली. "लावलं म्हणून सांगायचे. शपथेवर! किल्ली कशी फिरवली तेसुद्धा सांगायचे. आणि दार सताड उघडं." मग थांबून म्हणाली, "का रे? बरा आहेस ना?"

बरा आहे म्हणालो. फोन ठेवला आणि बाल्कनीत उभा राहिलो. खाली एक माणूस सायकलचं चाक दुरुस्त करत होता. तेच बघत राहिलो.

हिला सांगायचं नाही. दादाच्या शेवटच्या वर्षांत वहिनीचे हाल हिनं जवळून पाहिलेत. दादाला भरवताना वहिनीच्या हातावर वळ उठलेले असायचे. तेव्हा ही घरी येऊन नुसती बसून राहिली होती. आज तीच बाई माझ्या शर्टाची कॉलर सरळ करते, आणि तिला मी असलं काही सांगू?

९ मार्च

सांगितलं, पेट्रोलपंपावर जातोय. गेलो मेंदूच्या डॉक्टरांकडे.

कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काढलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. केले, आणि त्यांच्यापेक्षा आधी केले! पाच शब्द सांगून पुन्हा विचारले. म्हणून दाखवले. डॉक्टर हसले. "तुमची स्मरणशक्ती माझ्याहून बरी आहे. एवढी चूक कुणाचीही होते. जा, उडवा विमानं."

जिने उतरताना खरंच हलकं वाटलं. फाटकापर्यंत. तिथे आठवलं — दादासुद्धा पहिल्या वेळी सगळी उत्तरं फाडफाड देऊन आला होता, आणि घरी येऊन आम्हाला चिडवत होता.

मन चिंती ते वैरी न चिंती. आई म्हणायची.

१० मार्च

नवा उजवा पंख बांधायला घेतला. उलट्या कागदावर लाल पेननं मोठ्ठं लिहिलं: उजवा! पहिलीतल्या पोरासारखं. लाज वाटली, पण खोडलं नाही.

१३ मार्च

काय दिवस गेला!

रविवारी मैदानावर फिरकलो नाही म्हणून कप्तान सकाळीच घरी हजर. कप्तान म्हणजे आमच्या मैदानाचा सर्वेसर्वा. जन्मभर बस चालवली, विमानात एकदाही बसला नाही, पण टोपी घालतो ती वैमानिकाची. ही चहा टाकायला आत गेली आणि त्यानं नेमकं कपाटावर पाहिलं. त्याची नजर आभाळातली टाचणी शोधणारी, ट्रंकेआडचा पंख काय लपणार?

"दातवाले, हा काय प्रकार?"

"जास्तीचा आहे."

त्यानं पंख खाली घेतला, उलटा केला, एक डोळा मिटून कडेवरून बघितलं. मग माझ्याकडे. "डावा," म्हणाला. मी मान हलवली. हिनं कप आणून ठेवले. त्यानं चहा एका घोटात संपवला आणि म्हणाला, "चल. पंख घे बरोबर."

ही दारात आली. "अहो, हे काय, आत्ताच तर—"

"वहिनी, तासाभरात परत आणतो. साबूत."

मैदानावरच्या खोलीत नेलं. पत्र्याच्या छताखाली, आढ्याला, जुने पंख टांगलेले आहेत. इतकी वर्षं बघतोय. मला वाटायचं, पडलेल्या विमानांचे अवशेष. म्हणून कधी नीट पाहिलेच नाहीत, उगाच मन खट्टू कशाला करा!

"बघ आता," कप्तान म्हणाला. "एक एक बघ."

बघितले. डावा. डावा. त्याच्या पलीकडचा — डावा. सगळे डावे!

"हा माझा. हा पलीकडचा रंगाऱ्याचा. तो बँकेतल्या साहेबांचा, त्यांनी तर दोनदा केला! कुणी कुणाला सांगत नाही. रात्र झाल्यावर गुपचूप — नाही, भर दुपारीच, मी जेवायला गेलो की — इथे आणून टांगतात. मला काय कळत नाही?"

मी म्हणालो, "पण कप्तान, मला कागद फिरवल्याचं आठवतंय. स्पष्ट."

"मलाही आठवत होतं! अरे, आजवर इतक्यांदा फिरवलास, त्यातलं कुठलं तरी आठवत असणार. घरची कडी लावल्याचं मला रोज आठवतं, तरी रोज परत जाऊन बघतो. म्हातारे झालो, एवढंच. वेडे नाही."

जीव भांड्यात पडला! तिथेच, गोंदाच्या बाटल्यांमध्ये, मी रडलो. कप्तानानं दुसरीकडे बघून टोपी झटकली. मग म्हणाला, "टांगायचा का?"

नको म्हणालो. माझा घरी नेतो. मला तो आता आवडायला लागलाय.

१४ मार्च

आज सुळा एकदाच बसवला. एकदाच पाहिला. शिट्टी वाजवत घरी आलो. ही म्हणाली, "पेट्रोल स्वस्त झालं की काय?"

१७ मार्च, रविवार

उडालं!!

आधी जमिनीवर सगळं तपासलं — रिमोटची काडी उजवीकडे, उजव्या पंखाची झडप वर. डावीकडे, डावी वर. कप्तान मोठ्यानं म्हणाला, "डावं-उजवं जुळलं बरं का!" आणि सगळे हसले. मीही. आठवडाभरापूर्वी असं कुणी बोललं असतं तर जागच्या जागी मेलो असतो.

गवतावरून धावलं, शेपटी उचलली, आणि सुटलं. मोटार विजेची, खऱ्या हरिकेनसारखी गर्जना नाही, पण उन्हात वळलं तेव्हा पंखावरच्या पातळ कागदातून एकेक फासळी दिसली. मी कापलेली, मी चिकटवलेली. बोटं आपोआप चालत होती. कुठल्या बाजूला वळवू असा विचारच आला नाही. वळत होतं! दोन मोठे गोल घेतले, मग खालून एक सुसाट फेरी. बँकेतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

उतरताना वाऱ्याची झुळूक आली आणि विमान कुंपणाच्या खांबाला घासलं. मोठा आवाज झाला. सगळे धावले. पंख मुळापासून मोडला होता.

कप्तानानं वाकून पाहिलं. कंबरेवर हात ठेवून सरळ झाला. "दातवाले," म्हणाला, "कुठला मोडला असेल सांग?"

डावा!

मैदानभर हसलो. रंगारी तर गवतातच बसला. माझ्यासारखा नशीबवान माणूस नाही म्हणे — ज्याच्या कपाटावर तयार डावा पंख पडलाय. आयुष्यात पहिल्यांदाच विमान मोडून मी नाचत घरी आलो.

१८ मार्च

पंख कपाटावरून काढताना हिनं पाहिलं. "हा आणखी एक कुठून आला?"

आता लपवायचं काय? सगळं सांगितलं. नकाशा, तेल, दादा, वहिनीचा फोन, पेट्रोलपंप नव्हे डॉक्टर. ऐकता ऐकता तिच्या हातातलं फडकं थांबलं. मला वाटलं, आता रडेल.

"अहो," म्हणाली, "तो तेलकट कागद? तो उलटा पडला होता टेबलावर. आकडे आरशातल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, वाऱ्यानं फिरला. मी सरळ करून ठेवला."

मी फिरवला होता! तेल चोळलं, फिरवला, तळहातानं सपाट केला, हात धुवायला गेलो. मी फिरवला होता.