सिरिल क्लेगवरचा आळ मागे घेताना

मी, हेडली ऑर्मरॉड, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंद्याने सुतार, नंतर सव्वीस वर्षे कॉल्डरशॉ टेक्निकल कॉलेजात सुतारकामाचा लेक्चरर, राहणार ९ टेंटर स्ट्रीट, कॉल्डरशॉ, लँकाशायर, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंकडून मागच्या मंगळवारीच घेऊन ठेवला, कारण माझा पुतण्या ग्लेन उद्या काय म्हणेल याचा भरवसा नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकिलाकडे गेलो नाही. गावात धड वकील एकच, आणि तो कॉलेजच्या नियामक मंडळावर बसतो.

१. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था माझी एकुलती एक मुलगी ज्युडिथ हिने पाहावी. बँकेतून, पेन्शनवाल्यांकडून किंवा कॉलेजातून फोन आला तर तिने फोनवर काहीही कबूल करू नये. जे सांगायचे ते लेखी पाठवा म्हणावे.

२. पुतण्या ग्लेन दर नाताळला येतो, भिंतींवर टिचक्या मारतो आणि विचारतो, "काका, इथं ओल धरलीय का हो?" भिंतीची एवढी काळजी मी गवंड्यातही पाहिलेली नाही. त्याला माझा ओल मोजायचा मीटर द्यावा. दुसरे काही नाही.

३. माझी हत्यारे, म्हणजे सात रंधे, पटाश्यांचा पूर्ण संच, करवती, गुण्या आणि मी स्वतः बनवलेली त्यांची पेटी, सिरिल क्लेग, राहणार १४ मिल बँक, यास द्यावीत. हे वाचून कॉलेजातले जुने लोक चक्रावतील, म्हणून कारण लिहितो. मृत्युपत्र कोर्टातून मंजूर झाले की ते कोणालाही मागवून वाचता येते, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्रात न लिहिता इथे लिहितो आहे.

मी १९८३ साली बांधकामाची साइट सोडून कॉलेजात आलो. पगार तिसऱ्या हिश्शाने खाली आला. प्रिन्सिपल हॅलिवेल म्हणाले होते, "पाचएक वर्षं धीर धरा, ऑर्मरॉड. इथे वर चढायला शिडी आहे." शिडीला पायऱ्या किती, हे सुताराने विचारायला हवे होते. मी विचारले नाही. पायऱ्या दोनच होत्या. लेक्चररची पगारश्रेणी काही वर्षांत संपायची आणि मग पगार तिथेच अडकायचा. वरची जागा सीनियर लेक्चररची. ती प्रत्येक वर्कशॉपला एक, आणि आमच्या वर्कशॉपात तिच्यावर म्हातारा बॅगशॉ ठाण मांडून बसलेला. माझ्या हाताखाली सांधा जोडायला शिकलेली पोरे दुसऱ्या वर्षी स्वतःच्या व्हॅनमधून भेटायला यायची. मी सायकलवर.

माझी बायको मेव्हिस दिवसा बेकरीत उभी असायची आणि संध्याकाळी त्याच कॉलेजची ऑफिसे झाडायची-पुसायची. ती मला म्हणायची, "सोड ते कॉलेज, हेडली. साइटवर परत जा. मास्तर म्हणवून घ्यायची हौस आपल्याला परवडत नाही." मी म्हणायचो, बॅगशॉ जाऊ दे.

१९९० च्या वसंतात बॅगशॉ निवृत्त झाला. त्या जागेसाठी आम्ही दोघांनी अर्ज केले, मी आणि सिरिल. सिरिल माझा वर्कशॉपातला सोबती. सात वर्षे आम्ही एकाच बाकावर बसून डबा खाल्लेला. ज्याला जागा मिळेल त्याने दुसऱ्याला शुक्रवारी बिअर पाजायची, असे ठरले होते. मुलाखतीच्या दिवशी हॅलिवेल यांनी दार लावून घेतले.

"तुमच्याबद्दल पत्र आलंय. कॉलेजचं लाकूड घरी नेता म्हणे."

"कोणी लिहिलंय?"

"निनावी आहे. पाकिटावर तिकीटसुद्धा नाही. सकाळी आलो तर माझ्या टेबलावर पडलं होतं."

पत्र मला दाखवले नाही. पण तिकीट नाही म्हणजे ते टपालाने आलेले नाही, म्हणजे लिहिणारा आतलाच. आतला कोण, हे शोधायला मला जिना उतरण्याइतकाही वेळ लागला नाही. जागा सिरिलला मिळाली.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "किती पानं लिहिलीस, सिरिल? एकात भागलं की दोन लागली? सात वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस, आणि केसानं गळा कापलास लेका!"

सिरिलने कप खाली ठेवला आणि तो एक शब्द न बोलता बाहेर गेला. गप्प बसला म्हणजे चोरच, असे मी ठरवले आणि इतरांनीही. त्या दिवसापासून त्याच्या टेबलावर कोणी जेवायला बसले नाही. वर्कशॉपात मी खडूने रेघ ओढली. अलीकडे माझी किटली, पलीकडे त्याची. निवृत्त होईपर्यंत, एकोणीस वर्षे, ती रेघ मी दर सत्राच्या पहिल्या दिवशी नवी करत होतो. आजारपणात तो दोन महिने आला नाही, तेव्हाही मी चौकशी केली नाही. उलट मी खुशीत होतो, हे लिहून ठेवतो.

मेव्हिस अकरा वर्षांपूर्वी गेली.

गेल्या नोव्हेंबरात मला शंका आली की माझ्या पेन्शनमधून सुरुवातीची दोन वर्षे कोणीतरी गाळली आहेत. मी कॉलेजकडे माझी सगळी फाइल मागितली. दोन वर्षे गाळलेली नव्हती. पण फाइलीत ते पत्र होते. सगळे मोठ्या छापील अक्षरांत, म्हणजे हस्ताक्षर ओळखू येणार नाही असे. त्यात लिहिले होते की ऑर्मरॉडने कॉलेजातून सव्वाचार फूट लांबीची ओकची फळी नेऊन घरी फायरप्लेसवर बसवली आहे, आणि असला माणूस कॉलेजने ठेवू नये, सोडून द्यावा.

फळी मी नेली होती, हे खरे. पण ती आणल्यावर मी खोलीत बसेल तशी कापली होती, आणि सव्वाचार फूट हे कापल्यानंतरचे माप. ते घेताना टेपचे एक टोक मी धरले होते, दुसरे मेव्हिसने. तिसरे माणूस घरात नव्हते. आणि संध्याकाळी हॅलिवेल यांच्या खोलीची किल्ली तिच्याच जुडग्यात असायची.

मी ज्युडिथला बोलावून पत्र दाखवले. तिने ते दोनदा वाचले. मग म्हणाली, "बाबा, आईचे हात आठवतात तुला? ब्लीचनं सोललेले असायचे."

मला आठवेनात. तिचे हात मला आठवेनात.

फेब्रुवारीत मी सिरिलकडे गेलो. त्याने साखळी न काढता फटीतून पाहिले.

"काय पाहिजे?"

"बोलायचंय."

"तेहेतीस वर्षांनी? कोण मेलं?"

शेवटी आत घेतले. तो आता वॉकर धरून चालतो. त्याने चहा केला. त्याने घोट घेईपर्यंत मी माझ्या कपाला हात लावला नाही. मग मी पत्र टेबलावर ठेवले. त्याने चष्मासुद्धा घातला नाही.

"वाच ना."

"काय आहे ते माहितीय मला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मेव्हिस याच दारात उभी होती. रडत होती. तुला नोकरीवरून काढतील, मग तू झक मारत साइटवर परत जाशील, असं तिला वाटलं होतं. म्हणाली, त्याला सांगू नकोस, तो मला घरात ठेवणार नाही."

"आणि तू माझ्या शिव्या खात गप्प राहिलास?"

"तू मला कधी विचारलंस, हेडली? तू नुसतं सांगितलंस. सगळ्यांदेखत."

"जागा मात्र घेतलीस."

"घेतली. मलाही घर चालवायचं होतं. वर्षाला हजारभर पौंड जास्त आणि कागदांचा ढीग. जेवायला मात्र एकटा." मग म्हणाला, "तिचं नाव नको आता कुठे काढूस. गेली बिचारी."

घरी येताना बसमध्ये माझ्या मनात आले, हा खोटे तर बोलत नसेल? दोन स्टॉप मी त्याच विचारात होतो. ही खोड आता माझ्याबरोबरच जाईल.

तरी त्याचे एक मी ऐकत नाही. मेव्हिसचे नाव इथे लिहितो. नाही लिहिले तर कॉल्डरशॉतले लोक तिसरे कोणीतरी शोधतील, आणि ते शोधायला मीच त्यांना शिकवले आहे. सबब जाहीर करतो की सिरिल क्लेग याने ते पत्र लिहिले नाही. मी त्याच्यावर घातलेला आळ खोटा होता. त्याचे हात थरथरतात, हत्यारे त्याच्या कामाची नाहीत. त्याने ती विकली तरी माझी हरकत नाही.

४. फायरप्लेसवरची ओकची फळी काढून कॉलेजला परत करावी. पोच घ्यावी.

५. मला मेव्हिसच्या शेजारी पुरावे. दोघांवर दगड एकच असावा. तिच्याबद्दल कोणी वाईट बोलले, तर साइटवर मी किती कमावत होतो आणि कॉलेजात किती, हे ज्युडिथने त्यास सांगावे.

६. राहते घर आणि बँकेतली शिल्लक ज्युडिथला. ती वीस वर्षे साइटवर इलेक्ट्रिशियन आहे, गुडघे गेले आहेत, आणि याच कॉलेजने तिला लेक्चररची जागा देऊ केली आहे. पगार साइटपेक्षा कमी. नव्या प्रिन्सिपलबाई तिला म्हणाल्या, "इथे प्रगतीला भरपूर वाव आहे." मी म्हणालो, "लेखी माग." ती म्हणाली, "मागितलं. देत नाहीत. तरी जातेय, बाबा. मला शिकवायला आवडतं."

यावर मी या मृत्युपत्राच्या आधीच्या कागदात अट घातली होती की तिने ती नोकरी धरली तर घर तिला मिळू नये, विकून पैसे चॅपलला द्यावेत. तिला सांगितले नव्हते. तिच्या भल्यासाठीच लिहिले होते, चांगल्या अक्षरात, दार लावून. लिहून झाल्यावर तो कागद मी मेव्हिसच्या पत्राशेजारी ठेवून वाचून पाहिला. मग फाडला आणि हा नवा लिहायला घेतला.

घर ज्युडिथचे. अट नाही.

साक्षीदारांनी मला सही करताना प्रत्यक्ष पाहिले, आणि मी त्यांना. त्यांना मी काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला ठेवलेले कायद्याने बाद होते. शेजारीण पर्वीन रोज डाळ आणून देते, तिने राग मानू नये.

सही: हेडली ऑर्मरॉड

साक्षीदार:
१. पर्वीन अख्तर, शिलाईकाम, ११ टेंटर स्ट्रीट
२. डेरिक होल्ट, निवृत्त पोस्टमन, ६ टेंटर स्ट्रीट

स्थळ: कॉल्डरशॉ
दिनांक: १४ मार्च २०२४