पाण्याला दिलेला शब्द

२ फेब्रुवारी
दुबईपलीकडचं रास अल खैमा एकदम झकास! कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून विलासकाकांनी विमानतळावरच माझी आरती ओवाळली, पण नोकरीही त्यांनीच लावली. इथल्या नव्या रिसॉर्टमध्ये जुन्या सिंहली राजाच्या स्नानकुंडाची हुबेहूब नक्कल बांधलीय. कमळाच्या पाकळ्यांसारख्या पायऱ्या, मगरीच्या तोंडातून पडणारं पाणी. तळाचा दगड मात्र अस्सल, लंकेहून आणलेला. माझं काम पंप आणि पाणी बघायचं. तासाभरावर अजमान, तिथे मैथिली! तिचे बाबा म्हणतात, कॉलेज सोडलेल्याला मुलगी देणार नाही. बघतोच.

६ फेब्रुवारी
ड्यूटी संपली की कुंडात हात बुडवून म्हणतो, येतो रे! निघताना ‘जातो’ म्हणायची आपल्याला सवयच नाही. आज लंकेहून आलेल्या गवंडी नुवानने त्याचा अर्थ विचारला. सांगितला, तर थापी खाली ठेवून बसला. त्यांच्याकडेही निघताना ‘जाऊन येतो’च म्हणतात, पण या दगडाजवळ कोणी नाही. पाणी शब्द पाळायला लावतं, म्हणे. म्हटलं, हबीबी, मैथिलीच्या बाबांना घाबरलो नाही, या डबक्याला घाबरू? आणि मुद्दाम पुन्हा म्हणालो.

९ फेब्रुवारी
पंप बंद. तरी पाणी रोज एक पायरी वर.

११ फेब्रुवारी
भरदुपारी अजमानची बस धरली. मैथिलीला कळवलं, निघालो. वाटेत डोळा लागला. उघडला तर कुंडाच्या पायरीवर, बूट भिजलेले. नुवान म्हणतो, तू सकाळपासून इथेच होतास.

१२ फेब्रुवारी
टॅक्सीने. पुन्हा ‘निघालो’. पुन्हा इथेच — कमरेपर्यंत ओला.

१३ फेब्रुवारी, सकाळ
नुवानच्या सांगण्यावरून कुंडापुढे ओरडलो, जातो! आईने ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती. पाणी सरसर उतरलं. आता इथे तो दुसरा शब्द उच्चारायचा नाही. खलास.

दुपार
खालच्या पायरीवर शेवाळ घासत होतो — मैथिलीचा फोन. तिला बघायला पाहुणे येऊन बसलेत. म्हणाली, ‘निघालो’ दोनदा ऐकलं, आज ‘येतो’ म्हण, नाहीतर मी होकार देते. कुंडाबाहेर जाऊन बोलावं म्हणून पाय उचलायला गेलो — दगड सोडेना. मगरींची तोंडं गप्प, कान देऊन —

म्हणालो! मोठ्याने म्हणालो. तिला, डबक्या, तुला नाही! ती रडतारडता हसली —

पाणी गुडघ्यापर्यंत — वही छातीशी — नुवान वरून हाका मारतोय — हा शब्द तिचा आहे, ओढ किती ओढायचं ते, मी चालत जाईन, चालत अजमा