बोक्याच्या पाठीवरची भुकटी

ताई,

लसणाची भुकटी बंद केली, तरी बोक्याच्या हिरड्या कालच्यापेक्षा आज अधिक पांढऱ्या आहेत.

त्याला दवाखान्यात नेत आहे. रक्त द्यावे लागेल, असे डॉक्टर फोनवर म्हणाल्या.

"नैसर्गिक आहे रे, ताकदच येईल. तुला मेल्याला सगळ्यातच विष दिसतं!" असे तू म्हणाली होतीस. धोत्राही नैसर्गिकच असतो. लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, हे पटवल्यावर "त्याच्या खाण्यात आता चिमूटभरही घालणार नाही" असा शब्द तू दिलास. त्यावर माझा विश्वास बसला नाही. आज तू कामावर गेल्यावर मी त्याची ताटली हुंगली, कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. काही सापडले नाही. मग त्याला पिंजऱ्यात घालायला उचलले, तेव्हा माझ्या शर्टालाच लसणाचा वास आला. त्याच्या केसांत बोटे फिरवली, तर ती पिवळी झाली.

तू शब्द पाळलास. खाण्यात खरोखरच काही नव्हते. उरलेली भुकटी वाया जाऊ नये आणि पिसवा तरी मराव्यात, म्हणून तू ती त्याच्या पाठीवर चोळत होतीस, आणि तो दिवसभर अंग चाटून ती पोटात घालत होता.