काळ्या डबलचा निकाल

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण भावनिक नाही, सोयीचं आहे. कामाची नोंद राहते.

धाकटा भाऊ जाऊन महिना झाला. त्याच्या मागे गॅरेजवरची खोली, दोन मोठे स्पीकर, रेकॉर्डचे खोके आणि एक अर्धवट वाद राहिला आहे. खोलीचं आणि खोक्यांचं बघू पुढे. वाद मी पूर्ण करणार आहे.

वाद असा. धाकटा आणि त्याचे तीन मित्र दर शनिवारी संध्याकाळी त्या खोलीत जमून जुने हिप हॉप अल्बम ऐकत आणि भांडत. मुख्य भांडण एकाच अल्बमवरून. त्यात दोन रेकॉर्ड आहेत आणि कव्हर काळं आहे, म्हणून त्याला ते काळा डबल म्हणतात. कव्हरवर प्रोड्युसर म्हणून एका चष्मेवाल्याचं नाव ठसठशीत आहे. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, रेकॉर्डिंग इंजिनियरचं नाव आहे. मित्रांचं म्हणणं, या अल्बमचा आवाज चष्मेवाल्याने घडवला. धाकट्याचं म्हणणं, चष्मेवाला सोफ्यावर लोळत होता, सगळं इंजिनियरने केलं. कॉलेजपासून हेच चालू. शेवटच्या शनिवारी धाकटा म्हणाला होता की पुढच्या वेळी सिद्ध करूनच दाखवतो. बुधवारी झोपेतच गेला.

तेव्हा हे काम मोठ्या भावाकडे येतं. दोन आठवडे पुरेत. मी कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करतो. माझ्याइतके तयार कान त्या चौघांत कुणाचेच नव्हते.

तब्येत उत्तम. मी सावरलो आहे. झोप लागत नाही, पण ती पूर्वीही कमीच होती.

४ मार्च, मंगळवार
काळा डबल पहिल्यांदा ऐकला. टर्नटेबल धाकट्याने ठेवलं होतं तसंच ठेवलं. कुठल्याही बटणाला हात लावला नाही. रेकॉर्ड ठेवली आणि सुई टेकवली, बस.

अवघड संगीत आहे. कव्हरवर तीन आडदांड दाढीवाले रॅपर आहेत, आवाज मात्र चिमण्यांसारखे. वेग तर विचारू नका. श्वास कधी घेतात कोण जाणे. पण हेच वैशिष्ट्य असणार. उगाच कुणी इतकी वर्षं भांडत नाही.

बाजू संपल्यावर कन्या वर आली. मी तालाचा सराव करत होतो. तिने विचारलं, बाबा, मान हलवताय की आखडलीय? तिला वादाचं आणि शनिवारच्या बैठकीचं सांगितलं. तिने मग लूप म्हणजे काय ते समजावलं. जुन्या रेकॉर्डमधला छोटासा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर नवं गाणं उभं करायचं. मी म्हणालो, ही तर चोरी झाली. ती म्हणाली, प्लीज, हे शनिवारी बोलू नका, काका असता तर त्याने खिडकीतून उडी मारली असती.

सुई नुसती खरखरत होती. ती उचलून ठेवली.

६ मार्च, गुरुवार
अल्बम फोनवर रेकॉर्ड करून दवाखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या बंद खोलीत बसलो. पेशंटच्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. खुर्ची बरीच गैरसोयीची आहे. हेडफोन लावला. तिसऱ्या गाण्यात डोळ्यांतून पाणी आलं. बेसचा दाब कानाच्या पडद्यावर पडला की असं होत असावं. पुस्तकात सापडलं नाही, पण आमची पुस्तकं जुनी आहेत.

डॉक्टर मॅडमनी काचेवर टकटक केली. म्हटलं, हेडफोन तपासतोय. त्या म्हणाल्या, रडून तपासतात का? आणि आठवडाभर रजा घ्या म्हणाल्या. मी नाही म्हणालो. रजा ज्यांना गरज आहे त्यांनी घ्यावी.

महत्त्वाचं म्हणजे पुरावा सापडला. इतक्या वेगाने माणूस बोलूच शकत नाही. म्हणजे हा वेग यंत्राने आणला. यंत्र कुणाच्या हातात होतं? इंजिनियरच्या. इतका साधा मुद्दा त्यांना इतक्या वर्षांत सुचला नाही याचं नवल वाटलं. धाकट्यालाही सुचला नसता. त्याचं गणित कच्चं होतं.

८ मार्च, शनिवार, रात्री साडेनऊ
जिंकलो.

तिघांना फोन करून बोलावलं होतं. मास्तर (गणित शिकवतो, चष्मेवाल्याचा कट्टर भक्त), टकल्या (टायरचं दुकान) आणि बारक्या (नाव बारक्या, जिना हलतो). पूर्वी बूट घालून वर यायचे, आज तिघांनीही बूट खाली काढले, एका रांगेत. खुर्चीच्या कडेवर बसले. दादा तुम्ही बसा, दादा तुम्ही आधी घ्या. धाकटा मला दादा म्हणायचा म्हणून तेही म्हणतात.

काळा डबल लावला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बारक्याने खाली मान घातली. मी वेगाचा मुद्दा सविस्तर मांडला. मग मास्तर म्हणाला, दादा, पटलं. तुमचं बरोबर आहे. आवाज इंजिनियरचाच. टकल्या म्हणाला, छोट्या शेवटी खरा ठरला. धाकट्याला ते छोट्या म्हणत.

एवढा जुना वाद चहा गार व्हायच्या आत मिटला. मांडणीत ताकद असली की असं होतं. मंडळी लवकर गेली. खाली गाड्यांपाशी मात्र बराच वेळ उभी होती. काय बोलत होती ते वर ऐकू आलं नाही.

९ मार्च, रविवार
विजयानंतर थोडं रिकामं वाटतं. मोठ्या खेळाडूंचंही असं होतं म्हणे.

संध्याकाळी मास्तरला फोन केला की पुढच्या शनिवारी किती वाजता? तो म्हणाला, आता कशाला दादा, विषय मिटला ना. हा विचार मी केला नव्हता. त्याला सांगितलं की अजून बरेच मुद्दे आहेत. ते आता शोधायचे आहेत.

११ मार्च, मंगळवार
तपासणीला एक आजोबा. सूचना नेहमीच्याच, आवाज ऐकू आला की बटण दाबा. ते सारखं बटण दाबत होते. मी आवाज सोडलेला नसतानाही. बाहेर आल्यावर विचारलं, आजोबा, आवाज नव्हताच, मग दाबलंत का? म्हणाले, तुम्ही काचेतून इतक्या आशेने बघत होता, मला वाईट वाटलं.

असे पेशंट फार वेळ खातात. सगळी तपासणी पुन्हा करावी लागली.

१५ मार्च, शनिवार
आज पाच नवे मुद्दे मांडले. चौथ्या गाण्यातली बासरी खरं तर फ्रिजची घरघर असून ती इंजिनियरने मुद्दाम ठेवली, हा त्यातला एक. टकल्या म्हणाला, असू शकेल दादा. दुसऱ्या रेकॉर्डवरचे ड्रम पत्र्याच्या पिंपावर वाजवलेत, हा दुसरा. मास्तर म्हणाला, नक्कीच. हाच मास्तर एका ड्रमवरून धाकट्याशी दीड महिना बोलत नव्हता.

मुद्दाम एक चुकीचा मुद्दा टाकून पाहिला. म्हणालो, बहुतेक तिन्ही रॅपर एकच माणूस असावा. तोही मान्य झाला.

बारक्या मध्येच उठून गॅलरीत गेला. पाठमोरा होता, खांदे हलत होते. हसत होता की काय ते कळलं नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते. संगीताचा परिणाम.

घरातल्या शांततेबद्दल मी इतकी वर्षं आग्रही होतो. आता ती आहे. छान आहे.

१६ मार्च, रविवार
लिहायचं नव्हतं. पण नोंद म्हणजे नोंद.

काळा डबल चालू असताना कन्या वर आली. दारातच थांबली. म्हणाली, बाबा, हे काय लावलंय? म्हटलं, काळा डबल. ती म्हणाली, हा काळा डबल नाही, हे कार्टून आहे. मग टर्नटेबलकडे गेली, वाकून पाहिलं आणि तिथेच खाली बसली. मोठी रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगावर लावायची असते. बटण पंचेचाळीसवर आहे. पंचेचाळीस छोट्या रेकॉर्डसाठी असतं. म्हणाली, काकाने शेवटी छोटी रेकॉर्ड लावली असणार.

तिने बटणाकडे हात नेला. मी जरा मोठ्याने नको म्हणालो. ती घाबरली. मग सॉरी म्हणालो.

दोन शनिवार. तिघंही बसून होते. आयुष्य घालवलं त्यांनी या अल्बमवर. चिमण्यांचा चिवचिवाट ऐकत माना डोलावत होते.

१७ मार्च, सोमवार
मास्तरला फोन करून खडसावलं. गणिताचा माणूस, वेग चुकलाय हे सांगता येत नाही? तो म्हणाला, दादा, पहिल्याच शब्दाला कळलं. मी उठणार होतो. पण बटण छोट्याने लावलेलं होतं. टकल्यानेही पाहिलं, बारक्यानेही पाहिलं. कुणाचा हात गेला नाही. आणि तुम्ही इतकं मनापासून बोलत होता.

मी म्हणालो, ठीक आहे, पण चर्चेत अशी भीड ठेवणं योग्य नाही. तो म्हणाला, हो दादा.

२२ मार्च, शनिवार
नवी योजना. मागचे दोन निकाल रद्द. वाद पहिल्यापासून, योग्य वेगात, आणि कुणीही भीड ठेवायची नाही.

बटण मीच फिरवलं. सगळे बघत होते. एक बारीक टक् आवाज झाला, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल.

मग काळा डबल लागला. त्याबद्दल लिहिता येणार नाही. दाढीवाले दाढीवाल्यांसारखे बोलत होते, सावकाश, शेजारी बसून बोलावं तसे. ड्रम किंचित मागे रेंगाळत होते. माझा मुख्य पुरावा अर्थातच गेला. बासरी ही बासरीच आहे.

म्हणालो, चला, भांडा. मास्तर म्हणाला, दादा, आवाज इंजिनियरचाच. म्हटलं, का? म्हणाला, छोट्या म्हणायचा. म्हटलं, तो म्हणायचा तेव्हा तू काय म्हणायचास? मास्तर टर्नटेबलकडे बघत राहिला.

तेव्हा मी डाव टाकला. बाजू बदलली. म्हणालो, आता ऐकल्यावर मला तर वाटतं की सगळं चष्मेवाल्याचंच आहे, धाकट्याचं साफ चुकलं होतं. कुणीतरी उसळेल, त्याची बाजू घेईल, निदान मला मूर्ख म्हणेल. टकल्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, हो दादा, तसंही म्हणता येईल.

बारक्याने न सांगता कप विसळून ठेवले. घरी ज्याने कधी कप उचलला नसेल असा माणूस.

२९ मार्च, शनिवार
बैठक यापुढे टकल्याच्या टायरच्या दुकानात भरेल. ही सूचना माझीच. म्हणजे मास्तरने फोनवर बरंच अडखळत विचारलं आणि त्याचं वाक्य मी पूर्ण केलं. तिकडे गाड्या लावायला जागा आहे. जिनाही नाही, बारक्याला बरं. मला या म्हणाले, अगदी दोनदा. म्हटलं, बघू.

स्पीकर आणि खोके खाली उतरवायला मदत केली. मास्तर म्हणाला, दादा, वजन आहे, तुम्ही राहू द्या. राहू दिलं. काळा डबल मात्र मी दिला, त्यांच्या हातात. खोली आता मोठी दिसते. कन्येने तिचं टेबल वर हलवलं आहे. बायकोने विचारलं, तू बरा आहेस ना? म्हटलं, मोकळा झालो, शनिवार सुटला.

संध्याकाळी सात वाजता काय करायचं ते सुचेना, म्हणून कपाट आवरलं.

५ एप्रिल, शनिवार
भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी आणायला बाहेर पडलो. बॅटरीचं दुकान उजवीकडे आहे. डावीकडून गेलो, चालणं तब्येतीला चांगलं. वाटेत टकल्याचं दुकान लागलं. शटर अर्धं खाली होतं आणि आत काळा डबल वाजत होता.

त्यावरून मास्तर ओरडत होता की इंजिनियर म्हणजे बटण दाबणारा नोकर, उद्या लाइटवाल्यालाही श्रेय द्याल. टकल्या म्हणाला, छोट्या सांगायचा तेच खरं, तुझ्या चष्मेवाल्याला सोफ्यावरून उठवायला दोन माणसं लागायची. मास्तर म्हणाला, छोट्याला काय अक्कल होती! त्या गाढवाला ड्रम कुठला आणि डबा कुठला हे मरेपर्यंत कळलं नाही. बारक्या म्हणाला, गाढव तर गाढव, पण कान होते त्याला, तुला नुसती भोकं आहेत. मग काहीतरी धातूचं खाली पडलं आणि तिघंही एकदम बोलू लागले.

तो गेल्यापासून त्याला कुणी गाढव म्हटलं नव्हतं. सगळे चांगलंच बोलतात. मीसुद्धा.

आत जायचं ठरवलं. माझ्याकडे ड्रमबद्दल एक मुद्दाही होता. वाकलो. शटरखालून माझे बूट दिसले असावेत. आतलं भांडण एकदम थांबलं. टकल्याने विचारलं, कोण आहे? मी हळूच पाय मागे घेतले आणि भिंतीला लागून उभा राहिलो. मग मास्तर म्हणाला, कुणी नाही रे, गिऱ्हाईक असेल. हां, तर तो गाढव काय म्हणायचा, आणि पुन्हा सुरू झालं.

रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत थांबलो. मग त्यांनी ती उलटली, म्हणून आणखी थोडं.

घरी आल्यावर बायकोने बॅटरी मागितली. म्हटलं, दुकान बंद होतं. पुढच्या शनिवारी पुन्हा जावं लागणार.