घसरलेलं पान

सँटा फे, शुक्रवार

ती. आईस, लॅवर्नचा नमस्कार.

मी बरी आहे आणि बाजारातली आपली जागा शाबूत आहे. हे आधी लिहिलं. आता पुढचं वाच आणि रागावू नकोस.

तुझं पिरोजाचं रुंद कडं काळपट दिसत होतं, म्हणून काल मी ते चांदी उजळायच्या औषधात बुडवलं. पानांच्या नक्षीतला काळेपणा तू मुद्दाम राखतेस, हे मला ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकं लखलखीत मागतात. कडं पत्र्यासारखं चकाकलं आणि खडा पांढुरका पडला.

आज बाजाराच्या कमिटीचे नेझकाका, माल घरी हातानं घडवलेला आहे ना, ते तपासायला आले. कडं उचलून म्हणाले, "हे कुठल्या कारखान्यातलं?"

"आईनं ठोकलंय."

"तुझी आई असलं काम करते होय? बाहेरचा माल निघाला तर मालाखालची चादर गुंडाळायची आणि घरी जायचं. कायमचं."

काकांनी चष्मा चढवून एकेक पान बोटानं चाचपलं. एका पानावर बोट थांबलं.

"इथे हातोडीखाली ठसा घसरलाय. मशीनचा घसरत नाही." कडं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मऊ फडक्यानं पुसायचं असतं, पोरी. एवढंही शिकवलं नाही तिनं?"

सुटले मी. मेंढ्या कशा आहेत? मावशी पाणी आणून देते ना?

आणि आई, तुझा ठसा आजवर कधी घसरला नव्हता. हात पुन्हा थरथरतो का? खरं कळव.

तुझीच,
लॅवर्न