स्विमिंग पूलवरची जाळी

हुपरी, १८ एप्रिल २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी बहिणी एकदम बोलतो आणि कुणाचंच ऐकत नाही, म्हणून लिहिते. मे महिन्यात रुचिता लेकीला घेऊन माहेरी येतेय. तुझ्या अभिनंदननं बंगल्यामागं स्विमिंग पूल बांधलाय हे कळल्यापासून चार वर्षांची आमची आदिती पुण्यात पोहायचे कपडे घालून झोपते म्हणे. तुझ्याकडं यायचं तर आहेच. पण माझी नात एका जागी ठरत नाही. पाण्याचा काय बंदोबस्त केलाय ते आधी कळव. राग मानू नकोस.

दाजींना नमस्कार, तुझ्या नातवाला, अनेकांतला, गोड पापा. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझी,
पूर्णिमा

गडमुडशिंगी, २४ एप्रिल

चि. सौ. पूर्णिमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लहानपणापासून घाबरट ती घाबरटच. तुमच्या चांदीच्या धंद्यात पैंजणांना कुलपं लावून लावून तुला आता सगळ्यालाच कुलूप हवं. अगं, अनेकांतसाठी अभिनंदननं आधीच पूलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी ताणलीय. पोहताना काढायची, झालं की लावायची. मी वरून नारळ टाकून पाहिला, आत गेला नाही. बिनघोर ये. ह्यांनी आदितीसाठी आंब्याची पेटी सांगून ठेवलीय.

माया आहेच, ती कागदावर किती लिहू?

तुझी,
आक्का

हुपरी, २ जून

ती. आक्कास,
नमस्कार.

आदिती दवाखान्यातून घरी आली. अभिनंदननं वेळेवर बाहेर काढलं म्हणून जीव वाचला. पण पाण्यात मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. डावा हात उचलत नाही, बोलणं पार गेलंय.

मी तुझा फोन का घेत नाही, विचारतेस. त्या दुपारी आपण सोप्यात आंबे चिरत बसलो होतो. रुचितानं पोरगी कुठं आहे विचारलं, तर तूच म्हणालीस की असेल मागं, जाळी हाय की. आणि आम्ही दोघी मायलेकी बसून राहिलो. आदल्या दिवशी त्या जाळीत साळुंकी अडकून मेली होती. दाजींना हिंसेचं पाप वाटलं आणि त्यांनी गड्याकडून जाळी काढून गुंडाळून ठेवली. पाखरासाठी उपवासही धरला. पण पाणी उघडं आहे, पोरं सांभाळा, एवढं त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात मी विचारलं तर म्हणाले, पाखरू बी जीवच हाय की.

व्हय, हाय. मग माझी नात कोण?

पूर्णिमा

गडमुडशिंगी, १० सप्टेंबर

चि. सौ. पूर्णिमास,
आशीर्वाद.

पूल कधीच रिकामा केला. अनेकांत आदिताई कधी येणार विचारतो, मी विषय बदलते. ह्यांनी आंबा जन्माचा सोडलाय. पर्युषण संपून परवा क्षमावणी झाली, ह्यांनी तुला आणि रुचिताला मोबाईलवर क्षमा मागितली. तुम्ही दोघींनी उत्तर दिलं नाही. दशलक्षणाचे दहा दिवस उपवास करून क्षमा मागणाऱ्याला तसंच परत पाठवायचं, हे आपल्यात बसतं का? माणूस खचलाय गं. धाकट्या बहिणीपुढं पदर पसरते.

आक्का

हुपरी, १५ सप्टेंबर

ती. आक्कास,
नमस्कार.

दाजींचा संदेश मिळाला. हात जोडल्याचं चित्र, खाली तयार ओळ की वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर सगळ्या जिवांची क्षमा मागतो. तोच आमच्या ह्यांना आला, शेजारच्या बनाबाईंना आला. साळुंकीसाठी त्यांनी वेगळा उपवास केला होता. आदितीला सगळ्यांत धरून टाकलं.

रोज सकाळी मी तिचा हात तेलानं चोळते आणि रुचिता तिच्याकडून एकेक शब्द म्हणवून घ्यायला बघते. दाजींना सांग, हुपरीला या. तिच्यासमोर बसा, तिचं नाव घ्या आणि तिची क्षमा मागा. आमची मागू नका. द्यायची की नाही, ते तिला बोलता येईल तेव्हा ती सांगेल.

तोवर माझ्याकडं लोभ मागू नकोस.

पूर्णिमा