बरणीतल्या चिठ्ठ्या

बेलापूर,
रविवार, दुपार

प्रिय छबूमावशी,

आधी हे सांग, जावयाच्या घरी तुला वर्तमानपत्र वाचायला मिळतं की नाही? इथं डाळिंबाच्या क्रेटमध्ये घालायची रद्दी रोज येते, पण वाचून दाखवायला कोणी नाही. परवा कडूबाईनं धाडस केलं. तिनं राशिभविष्य काढलं आणि मोठ्यानं सगळ्यांना धनलाभ वाटून टाकला. मग शरिफाचाचीनं तारीख बघितली तर पेपर मागच्या वर्षीचा! चाची म्हणाली, "कडूबाई, ह्यो धनलाभ येऊन गेला आसल, आपण शेडात हुतो म्हनून दार वाजवून परत गेला." सगळ्या हसल्या. आणि हसता हसता सगळ्यांनी तुझ्या जागेकडे बघितलं. तुझा उलटा क्रेट अजून तिथंच आहे, वर तू शिवलेली गोणपाटाची गादी. त्यावर कोणी बसत नाही.

स्नेहलताई कशी आहे? पायाला सूज आली होती म्हणे, ती उतरली का? राजूरला आता गारठा सुरू झाला असेल. तुझी राखाडी शाल तू इथंच खुंटीवर विसरलीस, ती या पत्रासोबत पाठवते आहे. टोमॅटोचे क्रेट आणायला तौसीफचा टेम्पो मंगळवारी तिकडे येणार आहे, त्याच्याकडे देते. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोन जावयाकडे असतो, आणि तू "बरं बरं, ठिवते" म्हणून ठेवून देशील. मला मध्ये न थांबता बोलायचं आहे. आणि तू छापलेलं, लिहिलेलं काहीही अर्ध्यात सोडत नाहीस, हे मला माहीत आहे. डाळिंबाच्या खाली आलेली निविदेची सूचनासुद्धा तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचीस.

मला तुझ्याशी वाद घालायची इतकी सवय झाली आहे, की हल्ली जेवणाच्या सुट्टीत माझा डबा दहा मिनिटांत संपतो. आठवतं, दोन महिने शिळ्या पेपरात निवडणुकीच्या प्रचाराची बातमी होती आणि तू हट्टानं म्हणालीस की ह्यो गडी पडनार. मी म्हटलं, मावशी, तो निवडून येऊन मंत्रीही झाला. तर तू पान उलटत म्हणालीस, "आला आसल. पर ह्या पेपरात तरी पडनारच दिसतोय." असल्या वादात जिंकायचं कसं? आई म्हणते, शिकलेली पोरगी रोज शेडातल्या बायांशी काय भांडते. तिला काय सांगू, कॉलेजच्या तीन वर्षांत माझं बोलणं खोडून काढायला कोणी माझ्याजवळ बसलंच नव्हतं.

मी ऑफिसात रुजू झाले तो दिवस मला रोज आठवतो. घरातली पहिली पदवी, तीही गणिताची, आणि काम काय, तर वजनाच्या पावत्या लिहायच्या. मी तोंड पाडून बसले होते. तू दाराशी येऊन साऱ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणालीस, "आता हापिसात आपली पोरगी हाय. आता आपल्याला कुनी येडं बनवनार न्हाई." तेव्हापासून तू मला चिडवायला म्याडम म्हणायला लागलीस. पण ते पहिलं वाक्य तू चेष्टेत म्हटलं नव्हतंस.

त्याच महिन्यात तुम्ही सातजणी सुनीलशेठकडे दिवसाचा रोज वाढवून मागायला गेला होतात. तू, शरिफाचाची आणि तुमच्या ओळीतल्या बाकी पाचजणी. गडी क्रेट उचलतात म्हणून त्यांना पाचशे, आणि बाया दिवसभर उभ्या राहून एकेक फळ पारखतात तर तीनशे. शेठ गोड बोलले. रोज वाढला नाही, पण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लकी ड्रॉ सुरू झाला. अडतीस बायांची नावं काचेच्या बरणीत, एक चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिला कुकर, मिक्सर नाहीतर साडी. पुढच्या महिन्याला सगळी नावं पुन्हा बरणीत. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. मी हिशोब मांडून दाखवला होता, की तो कुकर अडतीस जणींत वाटला तर दिवसाला जेमतेम दोन रुपये पडतात. तुम्ही मागितले होते पन्नास. तेव्हा तू माझ्या पाठीत थाप मारलीस. पण मी पुढे जे म्हणायचे ते तुला पटायचं नाही. मी म्हणायचे, सौदा वाईट आहे, पण सोडत खरी आहे. चिठ्ठीला कोणाची ओळख नसते.

यावरून आपला तो मोठा वाद झाला होता. ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डात दोघांना सारखीच मतं पडली, दोनशे बारा आणि दोनशे बारा, आणि चिठ्ठी टाकून सदस्य ठरला. तू म्हणालीस, "आख्ख्या वॉर्डानं बोटाला शाई लावली ती कशाला, शेवटाला चिठ्ठीच काढायची तर?" मी तावातावानं सांगितलं, की दोन्ही बाजू खरोखर सारख्या असतील तर चिठ्ठीइतका निष्पक्ष न्याय दुसरा नाही, हेच लोकशाहीचं सौंदर्य आहे वगैरे. तू सुपारी कातरत होतीस. म्हणालीस, "तितं सायबानं दोनी चिठ्ठ्या समद्यांना उघडून दावल्या, मंग घडी घातली." मी ते ऐकलं आणि पुढे बोलत राहिले. मावशी, माझी खोड तुला माहीत आहे. समोरचा बोलत असतो तेव्हा मी माझं पुढचं वाक्य जुळवत असते.

आणि मग मागच्या महिन्याचा तो शनिवार. चोविसावी सोडत. मिक्सर कडूबाईला, तिचं नाव दुसऱ्यांदा निघालं. तू उठून उभी राहिलीस. म्हणालीस, "आमची नावं बरनीत न्हाईतच." शेठ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "रेश्मा, तू शिकलेली हायेस, तूच सांग." आणि मी सांगितलं. मला उत्साह आला होता, मावशी. खडू घेऊन मी क्रेटचा हिशोब लिहायच्या पाटीवर गणित मांडलं. अडतीस नावं, चोवीस वेळा, तर एखाद्या बाईचं नाव एकदाही न निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. कडूबाईसारखं एखादीचं दोनदा निघणं हेही नवल नाही, कोणाचंच दोनदा निघालं नसतं तर नवल होतं. आणि शेवटी मी म्हटलं, "मावशी, वाईट नशीब आणि फसवणूक यांत फरक असतो." माझ्या या वाक्यावर कानिफनाथ मुकादम मोठ्यानं हसला. मग दोघी-तिघी बाया हसल्या. मीही हसले. तू पदरानं हात पुसलेस आणि म्हणालीस, "म्याडम म्हनत्यात तर आसल बाई."

दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस. लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, असं सगळ्यांनी धरलं. मीही तेच धरलं, कारण ते धरणं सोयीचं होतं. बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत, हे मला ठाऊक होतं. तूच तर मला बोटांवर मोजून दाखवलं होतंस.

पंधरा दिवसांनी शेठनी ऑफिस झाडायला सांगितलं. भिंतीवर बक्षीस घेतलेल्या बायांचे चोवीस फोटो आहेत, प्रत्येकीच्या हातात खोकं. मी एकेक पुसत होते. शरिफाचाची चहा घेऊन आली आणि फोटोंकडे बघत राहिली. म्हणाली, "आमच्या वळीतली एक बी न्हाई गं यात. आमाला काय फोटो शोभत न्हाई का काय." ती सहज बोलून गेली, पण माझ्या हातातलं फडकं थांबलं. तू त्या दिवशी "आमची" म्हणाली होतीस. मी गणित एकट्या तुझं मांडलं होतं. एका बाईचं नाव न निघणं अगदी साधं आहे. पण शेठकडे गेलेल्या सातजणींपैकी एकीचंही, दोन वर्षांत एकदाही न निघणं? मी पावतीच्या मागेच मांडलं. हजारात सात-आठ वेळा घडेल, इतकं ते दुर्मीळ आहे. आणि ह्या सातजणी काही मी फोटो बघून निवडलेल्या नव्हत्या, पहिला कुकर निघायच्या आधीच तुम्ही शेठच्या दारात उभ्या राहून वेगळ्या झाला होतात. गणित बरोबर होतं, मावशी. मी प्रश्न चुकीचा घेतला होता. तीन वर्षं मी तेच शिकले होते, की मोजायच्या आधी काय मोजायचं ते नीट ऐकून घ्यावं.

तरी शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून काल पंचविसाव्या सोडतीला मी तुझं वाक्य वापरलं. शेठ बरणीत हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, आधी चिठ्ठ्या सगळ्यांना उघडून दाखवू या. शेठना ते नीट ऐकू गेलं नाही, मला पुन्हा म्हणावं लागलं. ते म्हणाले, "आपल्या मानसावर इस्वास न्हाई व्हय?" मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच मोजू या. शरिफाचाची पुढे आली, तिनं बरणी टेबलावर पालथी केली. कडूबाईनं मोठ्यानं मोजलं. एकतीस. मी सकाळी अडतीस लिहिल्या होत्या, तुझीही लिहिली होती, आणि नेहमीसारख्या घडी घालून बरणीत टाकायला कानिफनाथकडे दिल्या होत्या. सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यानं शर्टाच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि तिच्या मागोमाग सात चिठ्ठ्या. माझ्याच अक्षरातल्या. "मला सांगितलं तसं मी केलं," एवढंच म्हणाला. शेठ खाली बघत होते.

मला वाटलं होतं, बाया ओरडतील. कोणी ओरडलं नाही. कडूबाई तडक घरी गेली आणि अर्ध्या तासानं डोक्यावर कुकर आणि काखेत मिक्सर घेऊन परत आली. टेबलावर आदळून म्हणाली, "ह्ये ठिवा तुमचं. शिट्टी तेवढी मोडल्याली हाय, ती माज्याच्यानं मोडली." मग एकेक बाई म्हणायला लागली, आमचंही न्या. काल कोणाच्याच नावाची चिठ्ठी निघाली नाही. शेठ म्हणाले, त्या सात बायांना शुक्रवारी अकराला पाठवा, रोजाचं बोलू. तर मागून कोणीतरी म्हणालं, "सात न्हाई, अडतीस येनार." मला अजून कोणी येऊ नको म्हटलेलं नाही, पण कालपासून माझ्याशी ऑफिसात कोणी बोलत नाही. आईला सांगितलं तर ती घाबरली, आणि मग म्हणाली, छबूबाईला कळव आधी.

तेच कळवते आहे. तू खोटी आहेस, असं मी माझ्या पदवीच्या जोरावर भर शेडात सांगितलं, आणि ज्यांनी तुला वेडं बनवलं त्यांच्यासोबत हसले. त्याची माफी मी पत्रात मागून मोकळी होणार नाही. जिथं खडूनं ते गणित मांडलं होतं तिथंच, त्याच अडतीस जणींसमोर मागणार आहे, आणि त्यासाठी तू समोर हवीस. मात्र माझ्यासाठी येऊ नकोस, शुक्रवारसाठी ये. शेठसमोर पहिलं कोणी बोलायचं, यावर काल सगळ्यांचं एका मिनिटात एकमत झालं, मतदानही घ्यावं लागलं नाही. तौसीफ गुरुवारी सकाळी परत निघतो, पुढची सीट तुझ्यासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे. शालीच्या घडीत कागदाचा एक कोरा तुकडा ठेवला आहे. रोज वाढवायच्या अर्जावर सगळ्यांची नावं चिकटवायची आहेत, आणि आता कोणाचंच नाव मी लिहायचं नाही असं ठरवलं आहे. सदतीस जणींनी आपापलं लिहून दिलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी आधी पाटीवर गिरवून. तुझं तू लिही, सगळ्यांना दाखव, आणि मगच घडी घाल.

तुझ्याशी वाद घालायला डबा घेऊन बसलेली,
तुझीच
रेश्मा